अडकलेला खटका

रविवारी संध्याकाळी जावई सासऱ्यांचं घर कायमचं सोडून गेला. जिना उतरताना त्याच्या एका हातात बॅग होती, दुसऱ्या हातात इस्त्री, आणि मागून आली ती फक्त इस्त्रीची वायर, पायरीपायरीवर आपटत. पण हे तूर्तास बाजूला ठेवू. असं काही झालंच नाही, असं समजू. अजून दुपार होती, इस्त्री कपाटावर होती, आणि जावई सासऱ्यांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसून त्यांच्या म्युझिक प्लेयरवर फुंकर मारत होता.

"लॉकचा खटका सरकत नाही," सासऱ्यांनी सकाळी सांगितलं होतं. "तुम्ही बघता, की दुकानात देऊ?"

दुकानात देऊन चालणार नव्हतं. दुकानदाराने डोळ्याला भिंग लावलं असतं आणि पहिला प्रश्न विचारला असता, की यात गोंद कोणी ओतला. ओतला होता जावयाने.

लग्नानंतर लेक-जावई ही दोघं 'घर मिळेपर्यंत' म्हणून इथे राहायला आली होती. मग घर मिळवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे हेच घर मिळवणं, हे दोघांना एकदमच सुचलं. अडचण एकच. म्हाताऱ्याला ऐकू फार छान यायचं. वजनमापे निरीक्षक म्हणून सासऱ्यांनी उभा जन्म दुकानदारांचे काटे तपासले होते, आणि निवृत्तीनंतर तपासायला घरातलीच माणसं उरली होती. स्वयंपाकघरात कुजबूज झाली, की हॉलमधून खोकला यायचा. तेव्हा जावयाने त्यांच्या वाढदिवसाला हा प्लेयर आणला. सगळी गाणी भरली, एकामागून एक वाजत राहतील असं केलं आणि लॉक लावला. लॉक लागला की गाणं चालू राहतं, बटणं तेवढी मरतात. शेवटी खटक्याच्या फटीत झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब सोडला, म्हणजे म्हाताऱ्याला मधेच गाणं थांबवून कान द्यायची सोय नको.

उपाय लागू पडला. दुसऱ्या दिवसापासून सासरे अर्धे डोळे मिटून, कानात इअरफोनची बोंडं घालून खुर्चीत बसू लागले. रात्री स्वतःच्या हाताने प्लेयर चार्जिंगला लावायचे. दोघांना घर मोकळं झालं. इतकं, की कुजबुजायची सवयच गेली.

आणि उद्या, सोमवारी, सासरे हे घर लेकीच्या नावावर करून देणार होते. विचारल्यावर लगेच हो म्हणाले होते. म्हणून आज त्यांचा मूड सांभाळायचा होता, खटका सरकवायचा होता आणि गोंद दिसू द्यायचा नव्हता.

"कानातलं काढून देता का, बाबा?" जावई मोठ्याने, हातवारे करत म्हणाला.

"परत घालायला त्रास होतो," सासरे म्हणाले.

त्यामुळे वायर पुरेल तेवढ्याच अंतरावर बसणं भाग होतं. जावयाने एक बटण दाबलं. पडद्यावर कुलपाचं चित्र आलं आणि विझलं. ठीक. लॉक आहे म्हणजे तसंच दिसणार.

"बघ गं, दावं धरून बसलोय," तो बायकोला म्हणाला. ती खाली बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. "कोण कोणाला चरायला नेतंय, कळत नाही."

"हळू बोल."

"कशाला हळू? त्याच्या कानात वाजतंय. शेजारी भिंत पडली तरी विचारेल, चहा झाला का."

"चहा झाला का?" सासऱ्यांनी विचारलं.

दोघं पोट धरून हसली. मग तिने चहा आणून दिला, कारण उद्या सोमवार होता.

जावयाने माहितीपुस्तिका उघडून दोन ओळी मोठ्याने वाचल्या, प्लेयर तळहातावर आपटला, नाक वाकडं करून पाहिला. हे सगळं दाखवायला. बायकोची नेलपेंट काढायची बाटली त्याने आधीच खिशात घालून आणली होती. काडीला कापूस गुंडाळून तो फटीत थेंब थेंब सोडू लागला.

"मेला तरी पावती मागेल हा माणूस," तो कामात मान घालून म्हणाला. "सरणावर विचारेल, लाकडं बरोबर मोजली का."

"कपाटाचं काय ठरलं?" बायकोने विचारलं. "खिडकीकडे की दारामागे?"

"त्याचा पलंग निघाला की खिडकीकडे."

"आणि पलंग?"

"मागच्या गॅलरीत. तिथे हवा चांगली असते. जरा जास्तच असते. एकदोन पावसाळ्यांत प्रश्न सुटेल."

"असं नको रे बोलूस. बाबा आहेत माझे." तिने बाबांच्या स्वेटरची घडी नीट दाबली. "एखादा पडदा लावू तिथे."

सासरे बशीतला चहा फुंकत होते.

गोंद सुटू लागला. जावयाने सेफ्टी पिनने फट खरवडली, नखाने खटका रेटला, आणि तो टक्क करून सरकला. पडदा उजळला. एक गाणं मधेच थांबलेलं दिसत होतं. त्याने वाजवायचं बटण दाबलं.

सासरे खुर्चीत दचकले. चहा बशीतून धोतरावर सांडला.

"आवाज कमी करा," ते म्हणाले.

जावयाने आवाज कमी केला. मग त्याचा अंगठा तिथेच राहिला. सतत गाणी ऐकणारा माणूस गाणं लागल्यावर दचकत नाही. त्याने पडद्यावरचं गाणं परत पाहिलं. यादीतलं अगदी सुरुवातीचं. पहिल्याच रात्री ते वाजता वाजता बॅटरी संपली असणार. सकाळी प्लेयर चार्ज झाला, पण लॉक लागलेला, खटका चिकटलेला. लागलेला लॉक घेऊन हे यंत्र सुरूच होत नाही, नुसतं कुलूप दाखवून झोपतं. त्या सकाळपासून आत्तापर्यंत यात एक सूरसुद्धा वाजला नव्हता.

"बाबा," त्याचा आवाज बारीक झाला. "इतके दिवस... काय ऐकत होतात?"

सासऱ्यांनी हात पुढे केला, प्लेयर काढून घेतला आणि सराईत अंगठ्याने गाणं थांबवलं.

"घर," ते म्हणाले.

बायकोच्या हातातला स्वेटर घडीतून सुटला.

"छकुले, पडद्याचं बोललीस, बरं वाटलं," ते लेकीला म्हणाले. मग जावयाकडे वळले. "आणि जावईबापू, ते कपाट खिडकीकडे बसत नाही. भिंत चार बोटं तोकडी आहे. मी मोजली."

"बाबा, आम्ही आपलं गमतीत..."

"चालायचंच. पण हल्ली तुमच्यात तेच तेच यायला लागलंय. कपाट, पलंग, गॅलरी. म्हटलं, आता खरंच गाणी ऐकावीत."

"आणि उद्याचं?"

"उद्या मला सवड नाही. गाणी बरीच साठलीत." त्यांनी कपाटाच्या माथ्याकडे पाहिलं. "ती इस्त्री तुमची ना? राहून जायला नको."

त्यांनी गाणं लावलं. आवाज वाढवला, इतका की स्टुलापर्यंत बारीक झणझण ऐकू येऊ लागली. मग बोटाने खटका लॉकवर सरकवला. अगदी लोण्यासारखा सरकला. सासऱ्यांनी डोळे मिटले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं पाऊल ठेका धरू लागलं.

जावयाने बायकोकडे पाहिलं. ती स्वेटरची घडी पुन्हा पहिल्यापासून घालत होती, मान खाली घालून.

जावई नगरपालिकेच्या तक्रार कक्षात कामाला होता. लोकांचे अर्ज 'नियमात बसत नाही' असा शेरा मारून परत करणं, हे त्याचं रोजचं काम. त्यामुळे जिभेवर जी भाषा तयार होती, तीच आली. तो स्टुलावरून उठला, शर्ट खाली ओढला, खुर्चीसमोर हात जोडून उभा राहिला आणि त्या घरात आल्यापासून प्रथमच प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू जाईल असा बोलू लागला:

"महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, अर्जदाराने सदर हॉलमध्ये वेळोवेळी केलेली सर्व विधाने तांत्रिक बिघाडामुळे आपल्यापर्यंत पोहोचली असल्याने, ती ऐकलीच गेली नाहीत असे समजण्यात यावे, आणि अर्जदारास पुढील आदेश होईपर्यंत किमान सदर हॉलमधील सोफ्यावर राहू देण्यात यावे."