गारगोटीतली करणी

अमावस्येच्या दुपारी मुदखेडजवळच्या आमच्या गावात मारुतीच्या देवळामागे पाय ठेवायला जागा नव्हती. ग्रामसभेला बारा डोकी जमत नाहीत, पण विरूपाक्ष महाराज करणी काढणार म्हटल्यावर पाव्हणेसुद्धा जीप करून आले होते. महाराज वाटीत गुलाबीसर तीर्थ ओतायचे, कुपीतले चार थेंब ‘अमृत’ टाकायचे, वाटी माणसावरून ओवाळायचे. मग सर्दीला वाफारा घेतात तसं त्याला घोंगडीखाली वाटीवर तोंड धरून बसवायचे. बिनविस्तवाची वाटी चटका बसेल इतकी तापायची. माणूस झुलायचा, डोळ्यांतून पाणी गळायचं. अर्ध्या तासात तीर्थाची काचेसारखी गारगोटी व्हायची आणि आत केस नाहीतर टाचणी दिसायची. करणी शंभर वर्षांसाठी कैद झाली, असं महाराज सांगायचे. शंभर वर्षांनी तपासायला कोण येणार?

मी तनुजा, इथल्या उपकेंद्राची नर्स. मला त्या गर्दीत एकटी बबिता दिसत होती. तिला पाचवा महिना, आणि आधीचं पोट तिसऱ्यातच पडलेलं. सासू मंजुळाबाईंनी महाराजांकडे पाच बैठकांचा नवस बोलला होता, दोन झाल्या होत्या, दुसरी आदल्याच दिवशी. पहिल्या गारगोटीत लांब केस निघाला, तो थोरल्या सुनेचा, उज्वलाचा, ठरला आणि तेव्हापासून घरात तिच्याशी कोणी बोलत नव्हतं.

त्याच दिवशी सकाळी बबिता तपासणीला आली ती भिंत धरून. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. तिच्या पदराला गोडसर, उग्र वास येत होता.

“ते माझ्या कपड्याचं आसंल, सिस्टर,” तिचा नवरा अंगद म्हणाला. तो नांदेडला फायबरचे कूलर बनवणाऱ्या कारखान्यात कामाला.

“कारखाना पंधरा दिसापासून बंद हाय,” बबिता म्हणाली. “तुमचे कपडे मीच धुतलेत की.”

अंगदने पदर नाकाशी धरला, पण त्याला काही कळेना. सात वर्षं तोच वास घेऊन नाक त्याला सरावलं होतं. नवऱ्याने बैठकीला यायचं नाही असा महाराजांचा नियम, म्हणून त्याने वाटी पाहिलीच नव्हती. ती कशी तापते ते मी सांगितलं, तसा त्याचा चेहरा उतरला. आता बैठक बंद, असं मी दोघांना बजावलं. तरी दुपारी मी पोचले तेव्हा मंजुळाबाईंनी तिला घोंगडीखाली बसवलं होतं.

अंगद माझ्या मागोमाग धावत आला. त्याने आधी शेजारी जळणारा कापूर विझवला, मग घोंगडी फेकून बबिताला उघड्यावर नेऊन बसवलं. गर्दी चिडली. पाप्याच्या हाती तीर्थ फळत नाही, असं महाराज म्हणाले.

“मग भ्यायचं कशाला?” अंगदने त्यांचीच तीर्थाची किटली उचलून नवी वाटी भरली. “आई, तुझ्या डोक्याचा एक केस दे.”

पांढरा केस वाटीत गेला. वरून त्याने कुपीतले चार थेंब टाकले. पहिली दहा मिनिटं काहीच होईना, लोक खुसखुसू लागले. महाराज चपला शोधू लागले, तेव्हा उज्वला त्यांच्या वाटेत जाऊन उभी राहिली. मग वाटी तापली, घट्ट झाली. अंगदने गारगोटी आईपुढे धरली.

“आता बबितावर करणी तू केली म्हणावं का?”

मंजुळाबाई उज्वलापाशी गेल्या. त्यांनी उज्वलाचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

ते तीर्थ म्हणजे कूलर बनवायचं रेझिन. त्यात स्टायरीन नावाचं, वाफ होऊन उडणारं रसायन असतं. कुपीतलं ‘अमृत’, म्हणजे ते घट्ट करणारं रसायन, पडलं की ते आपोआप तापून दगड होतं, आणि वाफ डोळे जाळते, डोकं फिरवते. पेटायला ठिणगी पुरते. केस महाराज बोटांत लपवून आणत. महाराजांना आम्ही पोलिसांच्या हवाली केलं.

बबिताला त्याच दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. बाळाचे ठोके नीट आहेत. पुढचं तपासण्या सांगतील, मी खोटा दिलासा देणार नाही.

परतताना अंगद म्हणाला, “मला वाटायचं, आता वास येत न्हाई म्हंजी त्रास न्हाई. डोकं तर कामावर रोज दुखायचं.” कारखान्याचं शटर तिथले लोक धूळ नको म्हणून कामाच्या वेळीही बंदच ठेवत. मी त्याला सांगितलं, कारखाना सुरू झाला की शटर उघड, पंखा लाव, वाफ अडवणारा मास्क आणि हातमोजे घाल, बिडी ओढणाऱ्याला आत येऊ देऊ नकोस.

तुम्हालाही तेच सांगते. कोणी घोंगडीखाली डोकं घालायला सांगितलं, तर आधी घोंगडी उचला आणि वाटीत काय आहे ते विचारा.