तांबडा पट्टा

मित्रांनो, मी एक दगडी स्तंभ आहे. तालुक्याच्या एका सरकारी कचेरीत, जिन्याच्या पायथ्याशी उभा आहे. जुना म्हणाल तर माझे दगड कोट्यवधी वर्षांचे, नवा म्हणाल तर उद्घाटनाला अजून दहा वर्षंही झाली नाहीत. जमिनीखाली होतो तोवर माणसांशी संबंध नव्हता. तेव्हा मी सुखी होतो.

तिसगावाकडे आसाराम नावाचे शेतकरी आपल्या रानात विहीर खोदत होते. वर मुरूम, खाली काळा खडक, मध्ये तांबड्या, मातकट दगडाचा पट्टा, मग पुन्हा काळा खडक. तो तांबडा पट्टा ठिसूळ असतो. तोच एके दिवशी ढासळला आणि आसाराम त्याखाली दबून गेले.

पुढे ज्योती नावाची शिल्पकार आली. आपल्या पायाखालची जमीन कशी आहे ते लोकांना दिसावं, म्हणून त्या विहिरीतलेच दगड त्याच क्रमाने रचून तिने मला घडवलं. तांबडा दगड आसारामांच्या बायकोने, भागूबाईंनी, स्वतः पाटीत भरून दिला. "घिऊन जा ताई," त्या म्हणाल्या, "पर चार मान्सं बघतील आशा जागी ठेव."

उद्घाटनाला हारतुरे झाले. आपल्या मातीचा अभिमान बाळगा, असं भाषणात सांगितलं गेलं. भागूबाईंना खुर्ची द्यायचं मात्र कुणाला सुचलं नाही. त्या बाजाराच्या दिवशी यायच्या, तांबड्या पट्ट्यावर हात ठेवून जरा वेळ उभ्या राहायच्या आणि जायच्या.

मग कुणा हुशार माणसाला शोध लागला, की तांबड्यावर पानाची पिंक दिसत नाही. झालं! येणारा-जाणारा तिथेच थुंकू लागला. मातीचा अभिमान सांगणारेही त्यात होते. भागूबाई पदराने पुसायच्या. माझा संताप व्हायचा, पण दगडाच्या संतापाला विचारतो कोण?

यंदा स्वच्छतेची तपासणी आली. साहेबांनी नामी युक्ती काढली. माझ्या अंगावर सिमेंट थापलं आणि खालपासून वरपर्यंत देवांच्या चित्रांच्या फरशा चिकटवल्या. त्या दिवसापासून थुंकणं बंद झालं. लोक लांबूनच हात जोडतात.

पुढच्या बाजाराला भागूबाई आल्या. माझ्याभोवती फिरून पट्टा शोधू लागल्या. शिपाई वाल्मिक कौतुकाने म्हणाला, "आजी, बगा, किती साफ झालं. देव बसवले, आता कुनी थुकत न्हाई."

"व्हय बाबा," भागूबाई म्हणाल्या. "देवाला भ्याले. आमच्या मालकाला कोन भितंय?"

त्यांनी फरशीवर हात ठेवला, लगेच काढून घेतला. त्यानंतर त्या आल्या नाहीत.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही. मी आता अगदी स्वच्छ आहे. फक्त जिथे देवाचं चित्र नाही, तिथेही थुंकू नका. तिथे कुणाचं तरी माणूस असतं.