दोनदा मीठ पडलेली बरणी

“आली, आणखी एक बादली आली! या घेवड्याला काही लाजलज्जा आहे की नाही?”

या घरातल्या लेकीने, ताईने, एवढं म्हटलं आणि बादली ओट्यावर माझ्या शेजारी ठेवली. ठेवली कसली, आदळलीच. मित्रांनो, त्या वेळी स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे हे गाऱ्हाणं माझ्यापाशीच होतं. मला त्याची सवय आहे. मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे, आणि बरणी उलटून बोलत नाही म्हणून माणसं तिच्याशी अगदी पोटातलं बोलतात.

माझा जन्म एका कुंभाराच्या चाकावर झाला. मला घडवताना त्याला कुणीतरी हाक मारली, त्याने मान वळवली आणि माझं पोट एका बाजूला जरा जास्तच सुटलं. “ही बघा, जेवून उठल्यासारखी दिसते,” असं त्याची बायको म्हणाली. तरी त्याने मला मोडलं नाही. बाहेरून तपकिरी आणि आतून पांढरी झिलई चढवून मला भट्टीत भाजलं. दुकानात मी बरेच दिवस मागच्या फळीवर धूळ खात होते. एक दिवस एक बाई आली. तिने माझ्या पोटावर टिचकी मारली, आवाज कान देऊन ऐकला आणि म्हणाली, “हीच द्या. हिच्यात भरपूर मावेल.” पुढच्या फळीवरच्या सुबक बरण्या बघतच राहिल्या.

ती बाई म्हणजे या घरातली आई.

या घरामागे एक लांबट परसबाग आहे. तिथे बाबा घेवडा लावतात. बाबांचा धंदा खिडक्यांना काचा बसवायचा. त्यामुळे त्यांचे वेलाचे बांबूही असे ओळंब्यात उभे असतात की वाकडं वाढायला वेलालाच संकोच वाटावा. वेलावर लाल फुलं येतात आणि मग शेंगा. पहिल्या आठवड्यात सगळे कौतुकाने मोजतात. दुसऱ्या आठवड्यात भाजी होते. तिसऱ्या आठवड्यात घरातली माणसं बागेकडे पाठ करून बसतात. घेवड्याचं असंच असतं, शेंगा तोडाव्यात तेवढ्या तो पुन्हा देतो, आणि न तोडाव्यात तर त्या जून होऊन चामड्यासारख्या होतात.

म्हणून माझी नेमणूक झाली होती. कोवळ्या शेंगा आणायच्या, दोन्ही कडांच्या शिरा ओढून काढायच्या, तिरक्या चिरायच्या. माझ्या तळाशी मिठाचा थर, वर शेंगांचा, पुन्हा मिठाचा. तीन वाट्या शेंगांना एक वाटी मीठ. मुठीने दाबायचं, मध्ये हवा राहता कामा नये. मग तोंडाला कापडाचा दादरा बांधायचा. रात्रीतून मीठ विरघळतं, शेंगांना पाणी सुटतं, त्या खाली बसतात आणि वर नव्या थराला जागा होते. बाग ओसाड पडते त्या थंडीच्या दिवसांत माझ्यातून ओंजळभर शेंगा काढून, धुऊन, पाण्यात भिजवून शिजवल्या की हिरव्याच्या हिरव्या! आई शेजारणींना मुद्दाम दादरा सोडून दाखवायची. मी तेव्हा पोट आणखी पुढे काढून उभी राहायचे.

बाबा तोडायचे, ताई आणि तिचा धाकटा भाऊ शिरा काढायचे, आई चिरायची. मीठ मात्र आईनेच घालायचं. “मिठाला एकच हात लागावा,” असं ती म्हणायची, आणि त्यावर या घरात चर्चा नव्हती.

एका वर्षी मी लवकर रिकामी झाले. आई सहज म्हणाली, “या खेपेला पुरला नाही हो घेवडा.” बाबा बोलणारे नव्हेतच. पुढच्या हंगामात बागेत चार बांबू जास्त दिसले. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी चार. बाबांचं प्रेम असं बांबूने मोजावं लागायचं.

आईला जाऊन आता तीन वर्षं झाली. पण ‘गेली’ हा शब्द मी या घरात कालपर्यंत ऐकला नव्हता. “आईच्या वेळी,” असं म्हणतात, “आई करायची,” असं म्हणतात, आणि पुढे जातात. तिच्यानंतरच्या पहिल्याच पेरणीला बाबांनी एकही बांबू कमी केला नाही. खायला मात्र दोनच माणसं, बाबा आणि ताई. धाकटा दुसऱ्या गावी राहतो. घेवड्याचं नाव काढलं की त्याच्या फोनवर आवाज येईनासा होतो. शेजारच्या मावशींना बाबा पिशवी घेऊन येताना दिसले की त्यांच्या घरात अचानक कुणी नसतं. एकदा बाबांनी त्यांच्या कडीला पिशवी अडकवली, तर दुसऱ्या दिवशी ती आमच्या कडीला. वर मावशींच्या परसातल्या दोन शेंगा जास्त!

उरलेलं सगळं ताईकडे यायचं. ताई लाँड्रीत इस्त्री करते. दिवसभर उभी राहून संध्याकाळी घरी येते, खुर्ची ओढते आणि शिरा काढायला बसते. शेंगा चिरून, मीठ मोजून, थर लावून हात धुते. आणि इथेच, मित्रांनो, एक घोटाळा झाला, तो याच घरात होऊ शकतो.

सकाळी बाबा उठायचे आणि माझा दादरा सोडून बघायचे. रात्रीतून मीठ विरघळलेलं, वर पांढरं काहीच नाही. बाबांनी बागेत जन्म काढला, पण आईच्या जिवंतपणी बरणीत कधी डोकावले नव्हते. त्यांना वाटलं, पोरीने मीठ घातलंच नाही. “आईचं काम ना ते. तिचा हात धजत नसेल,” असं ते माझ्याशी पुटपुटले आणि गुपचूप एक वाटी मीठ घालून दादरा जसाच्या तसा बांधला. दुसऱ्या दिवशीही तेच. संपूर्ण हंगामभर तेच. मी आतून ओरडत होते, पण बरणीचं ओरडणं कुणाला ऐकू येणार?

मग थंडीत ती भाजी पानात पडली. किती भिजवलं, किती धुतलं, तरी जीभ जाळणारी खारट! ताईला वाटलं, आपल्या हाताला आईचं प्रमाण नाही. बाबांना वाटलं, आपण मिठाचा अंदाज चुकवला. दोघंही खाली मान घालून खात राहिले. “छान झालीय,” असं बाबा म्हणाले. “घ्या ना थोडी,” असं ताई म्हणाली आणि सोबतीला आपणही घेतली. जेवण झाल्यावर दोघांनी तीन-तीन पेले पाणी पिऊन टाकलं. असे तीन हिवाळे गेले.

ताई मला सांगायची, “अगं बाई, हा घेवडा माझ्या घशाखाली उतरत नाही. पण बाबा त्याच्यावर तगून आहेत. बाग बंद झाली तर ते अंथरूण धरतील.” बाबा मला सांगायचे, “मी तर जन्मभर गिळलाच हा. पण पोर दोनदा वाढून घेते. तिच्यासाठी लावायला हवा.”

दोघांचं दोन्ही माझ्या पोटात. मुरत होतं.

या वर्षी मात्र पाणी डोक्यावरून गेलं. ताईचं उजवं मनगट सुजलं. डॉक्टर म्हणाले, “एक महिना हाताला संपूर्ण विश्रांती. नाहीतर इस्त्री राहिली बाजूला, पेलाही उचलता येणार नाही.” तिने लाँड्रीत सांगून हलकं काम मागून घेतलं, मनगटावर पट्टी बांधली आणि त्यावर लांब बाही ओढली. घरी येऊन पुन्हा शिरा. डाव्या हाताने, हळूहळू, ओठ मिटून. तिच्या कपाळावरचा घाम मला दिसायचा. बाबांना चष्म्यातून फक्त रिकामी झालेली बादली दिसायची, आणि त्यांना वाटायचं, पोरीला आणखी हवी आहे.

मला ठाऊक होतं, खरं बोललं गेलं तर माझं काम संपेल. रिकामी बरणी म्हणजे अडगळ. तरी खरं सांगते, मीही दमले होते.

मित्रांनो, माझ्यासारखी कुणी तुमच्या घरी असेल तर तिला धुऊन खडखडीत वाळवा, काठाला धरून उचलू नका, खालून हात द्या. आणि जे तिला सांगता, ते कधीतरी घरातल्या माणसालाही सांगा.

काल सुट्टी होती. दुपारी बाबांनी दोन बादल्या आणून ठेवल्या आणि ते बागेत परतले. ओट्यावर जागा करायला ताईने मला उचललं. मी गळ्यापर्यंत भरलेली. तिच्या मनगटातून कळ निघाली आणि मी सुटले. खाली पायपुसणं होतं म्हणून पोट वाचलं, पण काठाचा तळहाताएवढा तुकडा निघाला आणि फरशीभर खारं पाणी पसरलं.

बाबा चिखलाच्या पायांनी धावत आले. ताई खाली बसली होती.

“आईची बरणी फोडली मी,” ती म्हणाली.

“बरणीचं राहू दे. लागलं कुठे? हे काय बांधलंयस?”

“काही नाही.”

“ताई.”

“दोन महिने झाले. डॉक्टरांनी हात हलवू नको म्हणून सांगितलंय.”

“आणि तू शेंगा चिरत बसलीस?”

“तुम्ही आणत बसलात ना!”

“तुझ्यासाठी आणत होतो. दोनदा वाढून घेतेस!”

“तुम्ही एकटे कसे खाल म्हणून घेते हो! एवढं खारट...” ती थांबली. “माझ्याच्याने मीठ साधत नाही, बाबा. तीनाला एक मोजून घालते, तरी.”

बाबा तिच्यासमोर ओल्या फरशीवर बसले. “तू घालतेस मीठ?”

“मग कोण घालणार?”

“मी घालतो. रोज सकाळी.”

ताईला हसू फुटलं, आणि बाबांनाही. दोघं इतकं हसले की बाबांना चष्मा काढावा लागला. तो त्यांनी पुसला, पुन्हा पुसला, पण लावला नाही.

“घेवडा एकट्या तिलाच आवडायचा, ताई,” ते म्हणाले. “आणि ती गेली.”