पलीकडच्या कातळावर

दीपाली घळीत आली ती स्वतःच्या हट्टानं. परीक्षा पास होऊन तिची सरकारी खात्यात नेमणूक झाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. "एकदा नोकरी लागली की संपलं रे दादा, या रविवारी ने ना," असं म्हणत तिनं आठवडाभर अभयचं डोकं खाल्लं होतं. अभय बारा वर्षं सुट्टीच्या दिवशी पुण्याबाहेर पडायचा आणि नदीनं कापलेल्या घळी दोर लावून उतरायचा. ताम्हिणीकडची ही घळ त्याच्या पायाखालची होती.

सप्टेंबर संपत आला होता. स्वच्छ ऊन होतं. पहिला धबधबा उतरून अभय आणि बरोबरचे चौघे कुंडाशी डबे उघडून बसले. दीपाली मात्र गुडघाभर पाणी ओलांडून पलीकडच्या कातळावर चढली आणि फोटो काढत बसली.

तेवढ्यात अभयला पाणी गढूळ झालेलं दिसलं. पाठोपाठ पालापाचोळा आला. वर घाटमाथ्यावर कुठंतरी जोराचा पाऊस झाला होता.

"दीपाली, इकडे ये! पटकन!"

तिनं का म्हणूनही विचारलं नाही. मोबाइल खिशात टाकला आणि पाण्यात उतरली. निम्म्यात आली असेल, तोच लोंढा आला. तिचं लाल हेल्मेट एकदा वर आलेलं दिसलं. पुन्हा दिसलं नाही.

बाकीचे अभयच्या मागून कडेच्या वाटेनं वर चढले आणि वाचले. पाणी तासभर चढत राहिलं. पलीकडच्या कातळाच्या हातभर खाली येऊन थांबलं. कातळावर दीपालीची सॅक तशीच होती. कोरडी.

पोलिसांना अभयनं सांगितलं, "पाय घसरला."

पाच दिवस शोध चालला. पाचव्या दिवशी आई म्हणाली, "मला तिथं ने." हिराबाई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. विश्रांतवाडीच्या घरी माणसांची रीघ लागली होती, पण त्या कुणापुढं रडल्या नव्हत्या.

घळीजवळच्या गावातला बजरंग पहिल्या दिवसापासून पाण्यात उतरत होता. त्यानं त्यांना हाताला धरून घळीच्या काठावर आणलं.

"मावशी, समदी कुंडं बघितली. धोंड्यांखाली पण बघितलं. उद्यापासनं शोध थांबतोय."

हिराबाईंनी मान हलवली. मग अभयला विचारलं, "कुठं बसली होती ती?"

त्यानं कातळ दाखवला.

"पाणी कुठवर चढलं होतं?"

बजरंगनं बोटानं गाळाची रेघ दाखवली. हिराबाईंनी रेघ बघितली, मग तिच्या वरचा कातळाचा माथा.

"मग ती खाली कशाला उतरली?"

बजरंग दुसरीकडे बघायला लागला. पोलिसांना सांगितलेलंच अभयला आईलाही सांगता आलं असतं.

"मी बोलावलं," तो म्हणाला. "वर जायची वाट माझ्या बाजूला होती. वाटलं, येईल तेवढ्यात. आई, मला वाटलं वेळ आहे."

हिराबाई त्याच्याकडे वळल्यासुद्धा नाहीत.

"माझं कधी एका हाकेत ऐकलं नाही तिनं," त्या म्हणाल्या. "तुझं ऐकलं."

दीपालीच्या नावानं विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भन्तेजी आले, वंदना झाली. एक नातेवाईक अभयच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाण्यापुढं तू तरी काय करणार?" हिराबाई शेजारीच होत्या. त्या आता सगळं सांगतील म्हणून अभयनं त्यांच्याकडे बघितलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. तेव्हाही नाही, नंतरही नाही. त्यांनी चारचौघांत त्याच्या मुस्काटात मारली असती तर बरं, असं त्याला वाटत राहिलं.

डिसेंबरात पाणी उतरलं. अभय दर रविवारी एकटाच घळीत जायला लागला. एकेक कुंड काठीनं ढवळायचा, कपारीत हात घालायचा. बजरंग एकदा खाली येऊन म्हणाला, "साहेब, आता नका येत जाऊ. काय बी ऱ्हायलं नसंल." तरी तो जात राहिला.

एका रविवारी तो परतला तेव्हा हिराबाई दारातच उभ्या होत्या.

"काही सापडलं?"

"नाही."

त्या आत गेल्या. पुढच्या रविवारी त्यांनी विचारलं नाही.