माझं माणूस

पडद्यावरच्या राजकुमारानं टोपी काढली, मिशी पुसली, आणि आतून निघाली ऐंशीच्या घरातली एक म्हातारी. सोजरबाईंच्या हातातला पोछा जागीच थांबला.

"अगं बया! ही बाई हाय व्हय?"

"सगळ्या बायकाच आहेत, मावशी," मिनल म्हणाली. ती चाकणच्या एका कोरियन कंपनीत दुभाषी होती. चिंचवडच्या कलादालनात कोरियाहून आलेल्या कलाकार बाईंच्या मदतीला ती सुट्टी टाकून आली होती. "त्यांच्याकडे एक जुनं संगीत नाटक असायचं. राजा, सेनापती, सगळी कामं बायकाच करायच्या. त्यातल्या म्हाताऱ्या नट्यांवर ही फिल्म आहे."

सोजरबाई इथं साफसफाईला होत्या. त्याआधी बावीस वर्षं भोसरीच्या कारखान्यात पॅकिंगला. तिथंच सुभद्रा भेटली. दोघींनी कासारवाडीत एक खोली घेतली आणि अठ्ठावीस वर्षं तिथं काढली. वस्तीत कुणी विचारलंच तर 'बहिणी' सांगायचं, सुभद्राच्या घरच्यांना 'शेजारीण', हे न बोलताच ठरून गेलं होतं.

पडद्यावर म्हातारी बोलू लागली. खाली मिनलनं लिहिलेल्या मराठी ओळी उमटत होत्या. सोजरबाई अक्षर अक्षर जुळवत वाचू लागल्या.

'नाटकात मी तिचा नवरा व्हायचे. नाटकं बंद पडली, तरी आम्ही चाळीस वर्षं एका घरात राहिलो. माझं तिच्यावर प्रेम होतं. लोकांना सांगायचो, बहिणी आहोत.'

आपल्या खोलीची कडी काढून कुणीतरी सगळी वस्ती आत घेतल्यासारखं झालं सोजरबाईंना. त्यांनी घाबरून मागं पाहिलं. कॉलेजच्या दोन मुली आणि एक म्हातारे गृहस्थ शांतपणे पडद्याकडं बघत होते. कुणी हसलं नाही, कुणी उठून गेलं नाही. त्याचाच त्यांना जास्त धक्का बसला.

"असं बोलत्यात? सगळ्यांम्होरं?"

"बोलतात. काय झालं, मावशी?"

"आमची सुभद्रा गेली गेल्या वर्षी. भाच्यानं मयत तळेगावला नेलं. गाडीत जागा न्हाई म्हनला मला. शेजारीनच ना मी."

"तुमच्या कोण होत्या त्या?"

'बहीण' अगदी ओठांवर आलं होतं.

"माझं माणूस," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्याच आवाजानं दचकल्या.

रविवारी तळेगावात सुभद्राचं पहिल्या वर्षाचं पुण्यानुमोदन होतं. बोलावणं नसताना सोजरबाई गेल्या. दारातच भाचा सुजित गडबडला.

"तुम्ही? शेजारपाजारच्यांना नव्हतं सांगितलं आम्ही."

"शेजारीन न्हाई मी. अठ्ठावीस वर्षं तिचा संसार केलाय. पुढं बसनार."

सुजित बाजूला झाला.

सोजरबाई पांढऱ्या लुगड्याचा पदर सावरत पहिल्या सतरंजीवर बसल्या आणि त्यांनी समोर पाहिलं. बुद्धमूर्तीशेजारी सुभद्राचा मोठा करून घेतलेला फोटो होता. सामान नेताना सुजितनं खोलीतून उचललेला. तो दोघींचा फोटो होता. आता त्यात सुभद्रा एकटीच हसत होती. कापणाऱ्यानं बेतानं कापला होता. फक्त तिच्या खांद्यावरची चार बोटं तेवढी त्याला काढता आली नव्हती.

वंदना सुरू झाली. सोजरबाईंनी हात जोडले.