पंधरावी खुर्ची आणि आत्यांची पाठ

माझे धाकटे दीर खुर्च्या करतात, पण बसायच्या नव्हेत. बसता आलं तर फर्निचर, नाही आलं तर कला, असा त्यांचा सरळ हिशेब. सहा वर्षांत घरात चौदा कलाकृती जमल्या. पाहुणे आले तर उभ्याउभ्याच निघतात.

पंधरावीवर सगळी भिस्त होती. संग्रहालयाच्या बाई ती बघायला येणार होत्या. पसंत पडली तर कलादालनात कायमची जागा. पाठ पुढे झुकलेली, बैठक डावीकडे कललेली. तिच्यावरून भावजी तीनदा घसरले, मी दोनदा, खुर्ची घडवणारे मिस्त्री एकदा. सहाही वेळा भावजींनी टाळ्या वाजवल्या.

बाई आल्या. भावजींनी ऐटीत कार्यशाळेचं दार उघडलं. खुर्चीत आत्या घोरत होत्या.

आत्या म्हणजे माझ्या आत्येसासूबाई. पाठीला बाक, तोही डावीकडे. आरामखुर्ची मोडल्यापासून दहा वर्षं त्यांना एकही खुर्ची मानवली नव्हती.

"आत्या, ऊठ! ती बसायची नाहीये!"

"मग काय डोक्यावर घ्यायची? जन्मात पहिल्यांदा शहाण्यासारखं काही केलंस, मेल्या. झोपू दे."

भावजींनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री छताकडे पाहू लागले.

"साहेब, नकाशात पाठ कोरीच होती. तुम्ही म्हणालात, मनानं काढा. मनानं पाठ निघते होय? माझ्याकडे जुना फर्मा होता, आत्यांच्या आरामखुर्चीचा. तोच ठेवून कापली."

बाईंनी दोन फेऱ्या मारल्या आणि वही उघडली. "छान आहे. फर्निचर विभागात घेते. तळमजल्यावर, जिन्याखाली."

"पण कलादालन?" भावजींचा आवाज चिरकला.

"अहो, माणूस झोपला की तिच्यात!"

"आणि झोपलेलाच राहणार," आत्या डोळे न उघडता म्हणाल्या. "जिन्याखाली दुसरी न्या."

बाई हसत सुटल्या. जाताना म्हणाल्या, "सोळावी झाली की कळवा. मात्र बसून बघीन हं."

तेव्हापासून मिस्त्रींचे सगळे फर्मे कुलपात आहेत, आणि भावजी टेप घेऊन घरभर हिंडतात.

"वहिनी, जरा पाठ फिरवा. सोळावी कुणाच्याच पाठीला बसू नये अशी करायचीय."

परवापर्यंत अकरा पाठी मोजून झाल्या. काल बारावी मोजताना खुर्चीतून आवाज आला, "शेजारच्यांचीही घे रे. माणसाचा काय भरवसा, कुठंही मावतो."

भावजी मुकाट्यानं टेप घेऊन शेजारी गेले.