दोनशे बारावी होडी

इंदूरला समुद्र नाही. तरीही मल्हारगंजच्या मागच्या उतारावर, खान नदीच्या काठी, माझ्या आजोळी तीन पिढ्या होड्या बांधल्या गेल्या. पणजोबा बाळकृष्णपंत कोकणातून इथे कारकून म्हणून आले, पण अक्षर वाईट निघालं. साहेबानं विचारलं, दुसरं काय येतं? ते म्हणाले, होडी बांधता येते. कारखान्याची स्थापना ती एवढीच.

हा इतिहास मला दोन पानांत लिहायचा होता. बंटीनं, म्हणजे माझ्या मामेभावानं, तसं फर्मान काढलं होतं. "शामभिया, तुम्ही कॉलेजात शिकवता, काहीतरी भारी लिख दो. चौकात दगडावर कोरायचंय."

लिहिण्यात अडचण एकच होती, ती म्हणजे पहिल्या पाण्याची रीत. नवी होडी गळते. लाकूड पाणी पितं, फुगतं, मग सांधे आपसूक मिटतात. तोवर बांधणाऱ्यानं उपाशीपोटी एकट्यानं आत बसायचं, सांध्यातून आलेलं पहिलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायचं आणि होडीचं नामकरण करायचं. नंतर अन्न. हे झालं नाही तर ती होडीच नव्हे, फर्निचर.

पुढे नदीत काय काय वाहू लागलं ते सांगायला नको. रीत मात्र वाहून गेली नाही. आजोबांनी, वासुदेवरावांनी, शहाऐंशी साली त्या नदीचं पहिलं पाणी प्यायलं आणि अकरा दिवस दवाखान्यात काढले. सलाईन चालू असतानाच होडीचं नाव ठेवलं: आरोग्यलक्ष्मी. तेव्हापासून पहिलं पाणी सांवेरकडे, क्षिप्रेवर होऊ लागलं. घराण्यानं आधुनिकतेशी केलेली तडजोड ती एवढीच.

कृष्णरावमामा आता एकोणऐंशीचे. त्यांनी दोनशे बारावी होडी बांधून पुरी केली, त्याला नऊ वर्षं झाली. मागवणाऱ्या नावाड्यानं मधल्या काळात फायबरची घेतली. होडी शेडमध्ये पडून राहिली आणि मामा दर उन्हाळ्यात तिला तेल पाजत राहिले.

"तेलानं भागतं का, मामा?"

"तेल म्हणजे भेटायला येणारे नातेवाईक रे. लाकडाला पाणी लागतं."

फळ्यांना भेगा दिसू लागल्या होत्या. मामांचे गुडघे गेले होते, पुढची होडी होणार नव्हती. ही एकदा पाण्यात उतरावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मग चौक सुशोभीकरण समिती आली. तिचा इंजिनियर निशांत, पुण्याहून नोकरीला आलेला, बोलायला गोड. तुकोगंजजवळच्या एका चौकात चौथरा, त्यावर खरी होडी, भोवती कारंजं. कंत्राट बंटीकडे. मामांनी अट घातली, आधी एक सकाळ क्षिप्रेत, मग कुठंही न्या.

"शंभर टक्के, काका! उलट किती छान स्टोरी आहे," निशांत म्हणाला. त्याच वेळी मला काळजी वाटायला हवी होती.

ठरलेल्या दिवशी ट्रक आला. मामा धुतलेला पांढरा पायजमा घालून, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन, उपाशीपोटी ड्रायव्हरशेजारी बसले. मी त्यांच्या पलीकडे. ट्रक मुख्य रस्त्याला लागला आणि भलत्याच बाजूला वळला.

"भिया, सांवेर इकडे नाही," मामा म्हणाले.

"बाऊजी, मेरे को तो चौराहा बोला है."

मी बंटीला फोन लावून मामांच्या हातात दिला. बंटीचा आवाज ड्रायव्हरलाही ऐकू येत होता. "पप्पा, मंत्रीजींची डेट आजचीच मिळाली ना! सांवेर बाद में कर लेंगे."

"सिमेंटात बसवल्यावर बाद में कसं करशील?"

"पप्पा, तुम्ही पण ना! फव्वारा है चारों तरफ. पाणीच पाणी!"

मामांनी फोन मला परत दिला. ट्रक थांबव म्हणाले नाहीत. मीही म्हटलं नाही. कॉलेजात मी मुलांना प्रश्न विचारायला शिकवतो.

क्रेननं होडी चौथऱ्यावर ठेवली. मजुरांनी दोन्ही बाजूंनी सिमेंट भरलं. निशांतनं कारंजं सुरू करून पाहिलं. थेंब उडून होडीत पडू लागले, तळाशी पाणी साचलं आणि त्याच्या कपाळावर आठी आली.

"हे चालणार नाही. डास होतील, डेंगू होईल. स्वच्छतेत आपला नंबर आहे, काका. तळाला भोकं पाडावी लागतील. वेल्डरला सांगतो."

मी मामांकडे बघायचं टाळलं.

"वेल्डर फळी फोडेल," मामा म्हणाले. त्यांनी पिशवीतून गिरमिट काढलं. मी हात देऊन त्यांना वर चढवलं. गुडघ्यांवर बसून त्यांनी सात भोकं पाडली, सारख्या अंतरावर, आणि प्रत्येकाची कड पॉलिशपेपरनं घासून गुळगुळीत केली. नऊ वर्षं ज्या तळात थेंब शिरायची वाट पाहिली, तो तळ.

कारंजं पुन्हा सुरू झालं. पहिल्या भोकातून पाण्याची बारीक धार लागली. खाली उतरलेल्या मामांनी तिच्याखाली ओंजळ धरली.

"काका, पिऊ नका हां! रिसायकल्ड आहे," निशांत ओरडला.

"नाही पीत," मामा म्हणाले. "हे आत आलेलं नाही. बाहेर चाललंय." ओंजळ सोडून त्यांनी हात पायजम्याला पुसले.

मग ते दगडाशी गेले. माझा इतिहास वाचला. पहिल्याच ओळीत, 'या घराण्याने दोनशे बारा होड्या बांधल्या.'

"शाम, दोनशे अकरा कर."

"मामा, कोरून झालंय."

"बरं."

एवढ्यात बंटी पोहे-जलेबीच्या प्लेटा घेऊन आला. "पप्पा, सकाळपासून उपाशी आहात. मंत्रीजींना अजून दोन तास आहेत. खा लो."

मी मनातल्या मनात म्हणत होतो, घेऊ नका. मामांनी प्लेट घेतली. चौथऱ्याच्या कडेवर बसून, होडीकडे पाठ करून, पोहे शेवेसकट संपवले. मग जलेबीही खाल्ली.